लाटेवरची माणसे आणि किनाऱ्यावरचे शिबिर

यंदा समाजशास्त्राच्या वर्गात निबंधाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटण्यात आले. ‘स्वयंसेवी संस्था आणि त्यांतील नेतृत्वाची घडण’ असा एकूण विषय होता आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीत त्याचे एकेक उदाहरण. कुणाला दूध सोसायटी आली, कुणाला महिला बचत गट, कुणाला गणेशोत्सव मंडळ. माझ्या चिठ्ठीत लिहिले होते : ‘सर्फिंग करणाऱ्या ख्रिस्ती तरुणांच्या मिशनचे वार्षिक नेतृत्व-शिबिर.’ वर्ग हसला. मीही हसले, परंतु मनातून चांगलीच घाबरले. माझे वडील कल्याणच्या बाजारात हमाली करतात, आई चार घरी पोळ्या करते, आणि घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. समुद्र मी दोनदा पाहिला आहे, तोही गिरगाव चौपाटीचा. ख्रिस्ती धर्माविषयीचे माझे ज्ञान नाताळच्या सुट्टीपुरते. विषय बदलून मागावा म्हणून सरांकडे गेले, तर सर म्हणाले, “गणेशोत्सव मंडळ तुला ठाऊकच आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीचा अभ्यास कशाला करतेस?”

त्यावर काय बोलणार? निबंध लिहिला. पण लिहिता लिहिता जे सापडत गेले ते केवळ गुणांसाठी वहीत बंद करून ठेवावे असे वाटेना, म्हणून हा लेख.

प्रथम सर्फिंग म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते पडद्यावरच पाहिले आहे. दूर समुद्रात वारा वाहतो आणि त्याच्या जोराने पाण्यावर लाटा उठतात. गंमत अशी की लाटेबरोबर पाणी फारसे पुढे जात नाही, पुढे जाते ती शक्ती. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाटेचा तळ अडतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. फुटण्यापूर्वीच्या त्या उतारावर लांबट फळी घेऊन, प्रथम पालथे पडून हातांनी पाणी मागे लोटीत लाटेचा वेग गाठावयाचा, आणि वेग जुळला की क्षणात फळीवर उभे राहावयाचे, हे झाले सर्फिंग. लाटेपेक्षा हळू असाल तर लाट तुम्हाला सोडून निघून जाते. उभे राहण्याची घाई केलीत तर फळी नाकावर आपटते. शिकणारा आधी वाळूवर फळी ठेवून उठण्याचा सराव करतो. पाण्यात तो किती उपयोगी पडतो हे पाण्यात गेल्यावरच कळते.

या खेळाला अलिखित नियमही आहेत. एका लाटेवर एकच स्वार. दोघे तयार असतील तर लाटेच्या फुटणाऱ्या भागाच्या जो अधिक जवळ, त्याचा हक्क. परका माणूस एखाद्या किनाऱ्यावर नवा आला तर तेथील नेहमीचे लोक त्याला सहजासहजी लाट घेऊ देत नाहीत. हे वाचले आणि मला आपली सकाळची लोकल आठवली. डोंबिवलीला नव्या माणसाने दारातल्या ग्रुपमध्ये उभे राहून पाहावे! तेव्हा सर्फिंग करणारे हे एक प्रकारचे गावच आहे, त्याला स्वतःची भाषा, मानपान आणि भांडणे आहेत. अशा गावात धर्माचे काम करावयाचे तर कसे, या प्रश्नातून हे मिशन निघाले.

या खेळाचे मूळ पॅसिफिक महासागरातील बेटांवर आहे आणि तो विशेष बहरला हवाई बेटांवर. तेथे राजेही लाटांवर स्वार होत आणि सामान्य स्त्रीपुरुषही. १८२० साली तेथे अमेरिकन मिशनरी पोहोचले. त्यांना हा खेळ रुचला नाही. उघडी अंगे, स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळणे, पैजा लावणे, कामाचा वेळ दवडणे, हे सारे त्यांच्या दृष्टीने आळसाचे आणि पापाचे. त्यांनी खेळ संपविला असे म्हणणे मात्र अर्धवट ठरेल. परक्या लोकांबरोबर आलेल्या रोगांच्या साथींनी बेटांवरची माणसेच इतकी मेली की खेळणार कोण, असा प्रश्न उभा राहिला. जीवनाची जुनी घडी मोडली, तसा हा खेळही विझत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा उभा राहिला तो हवाईच्या लोकांच्याच हातून. त्यांतील ड्यूक कहानामोकू हा मोठा जलतरणपटू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले आणि १९१४-१५ च्या तिकडच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाटेवर उभे राहून दाखविले. हजारो लोक पाहावयास जमले होते. पुढे याच सिडनीच्या दक्षिणेकडील क्रोनुला या उपनगरात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘ख्रिश्चन सर्फर्स’ ही चळवळ सुरू झाली. आज ती अनेक देशांत पसरली आहे.

म्हणजे ज्या धर्माचे प्रचारक एकेकाळी लाटांकडे पाहून नाक मुरडीत, त्याच धर्माचे तरुण दीडशे वर्षांनी फळी काखेत मारून त्याच लाटांकडे निघाले. ही उलटापालट कशी झाली? कारण समजण्यास सोपे आहे. त्या काळी केस वाढविलेला, अनवाणी, अंगाला मीठ लागलेला मुलगा चर्चमध्ये आला तर चर्चमधल्या लोकांना अवघडत असे. आणि चर्चमध्ये जाणाऱ्या मुलाची किनाऱ्यावरचे मित्र टर उडवीत. शिवाय लाट काही रविवारची उपासना संपेपर्यंत थांबत नाही. दोन्हीकडचे असलेले हे थोडे तरुण कुठलेच राहत नव्हते. त्यांनी ठरविले की आपण मध्ये उभे राहावयाचे : किनाऱ्यावरच्यांना चर्चमध्ये ओढून नेण्यापेक्षा आपणच किनाऱ्यावर राहावयाचे, पाण्यातून बाहेर आल्यावर चहा द्यावयाचा, स्पर्धांत मदत करावयाची, कुणी बुडत असेल तर काढावयाचे, आणि विचारले तर आपला विश्वास सांगावयाचा.

येथपर्यंत लिहिले आणि मला वाटले, हे सगळे फार दूरचे झाले. इतक्यात ग्रंथालयातील एका पुस्तकात एक ओळ दिसली आणि मी खुर्चीत सरळ बसले. हवाईला १८२० साली मिशनरी पाठविणारी संस्था म्हणजे १८१० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेले ‘अमेरिकन बोर्ड’. याच बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याआधी सात वर्षे, १८१३ साली, मुंबईस पोहोचले होते. त्यांचे काम पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखले गेले. अहमदनगरला १८४२ साली ‘ज्ञानोदय’ काढणारे मिशन ते हेच, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्यात वर्षानुवर्षे काम केले तेही हेच. हवाईच्या किनाऱ्यावरचा प्रश्न आणि नगरच्या माळावरचा प्रश्न एकाच घरातून निघाले होते! धर्म स्वीकारावयाचा म्हणजे आपले गाणे, आपली बैठक, आपला पोशाख, आपली चाल सोडावयाची काय? हवाईत हा प्रश्न फळीचा होता. आपल्याकडे तो अभंगाचा होता.

टिळकांविषयी आपण शाळेत कवी म्हणून शिकतो. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. पण पुढची गोष्ट आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच असते. टिळकांचे म्हणणे असे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांनी ख्रिस्तावर भजने लिहिली, कीर्तने केली. मराठी चर्चमध्ये आजही गायिल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची पुष्कळ पदे आहेत. परंतु एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. मिशनचा पगार घेणारा तो मिशनचा नोकर आणि परदेशी मिशनरी त्याचा साहेब, ही रचना त्यांना सलत होती. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, येशूला गुरू मानावे. पंचावन्नाव्या वर्षी पगार सोडणे म्हणजे काय हे आमच्यासारख्या घरात समजावून सांगावे लागत नाही. मी हे आईला सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “आणि बायको काय म्हणाली?”

बायको म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांनी काय काय सोसले आणि त्या काय म्हणाल्या ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी ते वाचले नाही त्यांनी हा लेख येथेच सोडून ते आधी वाचावे. लग्न होऊन आल्या तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहितावाचता येत नव्हते. नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा त्या त्याच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या, रडल्या, सोवळे पाळीत राहिल्या. मग स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी, एकेक पाऊल टाकीत त्या पलीकडे गेल्या. त्यांना नेतृत्वाचे शिबिर कुणी दिले नव्हते. तरी ज्या स्त्रीला अक्षर येत नव्हते तिचे पुस्तक आज आपण पदवीला अभ्यासतो.

दरबार मात्र फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दोन वर्षे म्हणजे काहीच नव्हे. तरीही ते वाया गेले असे म्हणता येत नाही. नगर जिल्ह्यात काम करणारे जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज मिशनरी टिळकांनी भारावले होते. १९२३ साली त्यांचे इंग्रजी टिळकचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी नगरलाच ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. इंग्रज आणि भारतीय एकाच छपराखाली राहावयाचे, जमिनीवर बसून जेवावयाचे, खादी नेसावयाची, असा तो आश्रम. पुढे तो पुण्यास आला आणि आदिवासींमध्ये आयुष्य घालविणारे व्हेरिअर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात, १९२७ साली. साहेब आणि नोकर यांच्या जागी गुरुबंधू यावेत, हे टिळकांचे स्वप्न दुसऱ्यांच्या हातून थोडेफार उभे राहिले.

आता मूळ विषयाकडे येते. शिबिर. इंग्रजीत त्याला रिट्रीट म्हणतात आणि आपले ख्रिस्ती बांधवही मराठी बोलताना रिट्रीटच म्हणतात. या शब्दाचा लढाईतला अर्थ ‘माघार’. नेत्यांनी वर्षातून एकदा माघार घ्यावी, ही कल्पना मला आवडली. आपल्याकडे तो प्रकार नवा नाही. बौद्ध भिक्षू वर्षभर फिरत आणि पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहत, तो वर्षावास. ठाण्यापासून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. दगडात कोरलेले ओटे, पाण्याची टाकी, बसण्याच्या जागा. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांतील कित्येक दाते कल्याणचे. माझ्या गावचे व्यापारी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या एकांतासाठी पैसे देत होते, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या आजीची वारी हाही दुसरा प्रकारच. तेथे माघार नसते, चालणे असते. पण १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखीला जी शिस्त लावली तिच्यात हजारो माणसे चोपदाराने दंड उंच करताच गप्प होतात. दिंडीत विणेकऱ्याला मान असतो, पण वीणा खाली ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय त्याची सुटका नाही. नेतृत्वाची याहून चांगली व्याख्या आमच्या क्रमिक पुस्तकात मला आढळली नाही.

सर्फिंग मिशनसारख्या संस्थांत शिबिराची गरज का पडते? त्यांचे गट लहान असतात, एकेका किनाऱ्यावर पाच-दहा माणसे. गटाचा प्रमुख पगारी नसतो; कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी दुकानात कामाला. त्याला वर्षभर विचारणारे कुणी नाही. गटातली भांडणे त्याने मिटवावयाची, दुःखे त्याने ऐकावयाची, त्याचे स्वतःचे कोण ऐकणार? म्हणून निरनिराळ्या किनाऱ्यांवरचे प्रमुख वर्षातून एकदा कुठेतरी एकत्र येतात. पहाटे प्रार्थना आणि बायबलचे वाचन. लाट चांगली असेल तर सगळे पाण्यात. मग चर्चा, एकत्र स्वयंपाक, रात्री एकमेकांच्या अडचणी ऐकणे. नव्यांना जबाबदारी सोपविली जाते, जुने बाजूला होतात किंवा होत नाहीत. (हे बाजूला न होणे सर्व देशांतील सर्व संस्थांत सारखेच असावे.) पाण्यात कुणाला अपघात झाला तर काय करावयाचे, लहान मुले गटात असतील तर त्यांची काळजी कशी घ्यावयाची, असे रुक्ष विषयही येतात, आणि मला वाटते तेच सर्वांत उपयोगाचे.

या शिबिराला आधार म्हणून बायबलमधील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्य गावोगाव काम करून परत येतात. इतकी गर्दी की त्यांना जेवावयास सवड नाही. येशू त्यांना म्हणतो, चला, आपण एकीकडे जाऊन जरा विसावा घेऊ. सगळे होडीत बसून निघतात. मी उत्सुकतेने पुढे वाचले, आणि पुढे काय होते? लोक किनाऱ्याने पायी धावत होडीच्या आधीच पलीकडे पोहोचतात! विसावा राहतो बाजूला. येशूला त्यांची दया येते, तो त्यांना शिकवीत बसतो, संध्याकाळ होते, आणि पाच हजार पुरुषांच्या जेवणाची व्यवस्था त्या थकलेल्या शिष्यांच्याच गळ्यात पडते. म्हणजे इतिहासातले हे प्रसिद्ध शिबिर सुरू होण्यापूर्वीच मोडले. तरी त्याची आठवण धरून आजवर शिबिरे भरतात. मला याचे हसू आले आणि थोडा धीरही आला.

हे शिष्य कोण होते? त्यांतले निदान चौघे तरी मासेमारी करणारे. आपल्या ठाणे जिल्ह्यात उत्तन, पाली, चौक या गावांतून आजही ख्रिस्ती कोळी होड्या घेऊन समुद्रात जातात. ज्याला उधाण आणि भांग यांचा हिशेब तोंडपाठ, वाऱ्याचा वास घेऊन जो परत फिरतो, त्याला लाटेविषयी शिकविण्यास परदेशातून कुणी येण्याची गरज नाही. आणि ख्रिस्ती धर्मही आपल्या खाडीला परका नव्हे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने लिहून ठेवले आहे की ‘कल्लिअना’ येथे इराणात दीक्षा झालेला बिशप आहे. हे गाव म्हणजे आपले कल्याण असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्याची हकीगत त्या काळच्या युरोपियन प्रवाशांनी नोंदविली आहे. आम्ही रोज कल्याण-ठाणे प्रवास करतो आणि खिडकीबाहेरच्या खाडीकडे पाहतो ते किती वाजले हे समजण्यापुरते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकते. भारतात सर्फिंगला आश्रमाची जोड प्रथम दिली ती ख्रिस्ती लोकांनी नव्हे. २००४ च्या सुमारास कर्नाटकात मंगळुरूजवळ मुल्की येथे जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णव संन्याशाने सर्फिंगचा आश्रम काढला. पहाटे जप, मग लाटा. अमेरिकन माणूस वैष्णव होऊन कर्नाटकात सर्फिंग शिकवितो आणि रत्नागिरीकडचा ब्राह्मण ख्रिस्ती होऊन अभंग लिहितो! कोणती गोष्ट कोणत्या धर्माची, हे ठरविणे मला तरी आता कठीण वाटू लागले आहे.

निबंध येथे संपला असता. सरांनी वाचून शेरा दिला : ‘माहिती चांगली. नेतृत्वाविषयी तुझे स्वतःचे मत कुठे आहे?’

माझे मत सांगावयाचे तर मला मागच्या वर्षीच्या शिबिराविषयी सांगितले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. आमचे शिबिर मुरबाड तालुक्यातील एका खेड्यात होते. श्रमदानाला वनराई बंधारा, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मला स्वयंपाकाच्या तुकडीची प्रमुख केले. मला वाईट वाटले होते. ज्या मुली छान बोलतात त्यांना सूत्रसंचालन आणि जिची आई पोळ्या करते तिला चूल, असे मनात आले. खरे तर मला कुणी तसे म्हटले नव्हते. पण मनात आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बौद्धिकाला एक मोठे वक्ते आले होते. मला ते ऐकावयाचे होते. चुलीवर सत्तर माणसांचा भात होता. मी माझ्या तुकडीतल्या एका मुलीला, ती फार अबोल आहे, “जरा बघ गं” म्हणून मागे जाऊन उभी राहिले. जाळ किती आहे ते मी तिला सांगितले नाही. तिने यापूर्वी लाकडाच्या चुलीवर कधी भात शिजविला नव्हता, हे मी विचारलेही नाही. अर्ध्या तासाने वास आला. पातेल्याचा खालचा निम्मा भात काळा.

त्या रात्री नेहमीप्रमाणे दिवसाचे मूल्यमापन झाले. सगळे गोल बसलो होतो. बाईंनी विचारले, “भाताजवळ कोण होते?” ती मुलगी म्हणाली, “मी.” बाईंनी पुन्हा विचारले, “एकटीच होतीस?” तिने मान हलविली. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “प्रमुख कुठे होत्या?” मी म्हणाले, “मी पाणी आणायला गेले होते.” इतके सोपे होते ते. कुणी काही बोलले नाही. कुणीतरी करपलेल्या भातावर विनोद केला, सगळे हसले, तीही हसली.

बाईंना ठाऊक होते असे मला वाटते, कारण बौद्धिकाच्या वेळी त्या मंचाच्या बाजूला बसल्या होत्या आणि मी समोरच खांबाला टेकून उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठीत गेले तेव्हा त्या आधीच तेथे होत्या. मला वाटले आता काढून टाकणार. त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातात दिली आणि विचारले, “आज किती तांदूळ घ्यायचे?” मी सांगितले. “आणि डाळ?” तेही सांगितले. “लाकडे पुरतील?” मी हो म्हणाले. त्या निघून गेल्या. ज्या घरामागे आमची चूल होती तेथील आजीबाई हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरी, भात चढला की माणसानं चूल सोडू नये. आज मी बसते तुझ्याजवळ.”

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा, एकविसावा अध्याय वाचताना मला हा प्रसंग आठवला. येशूला पकडले त्या रात्री पेत्राने तीनदा सांगितलेले असते की मी त्याला ओळखत नाही. तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीजवळ उभा असतो. पुढे एका पहाटे सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव असतो, त्यावर मासे आणि भाकरी. रात्रभर जाळे रिकामे राहिले होते आणि आता त्यात एकशेत्रेपन्न मासे आहेत. कुणीतरी ते मोजले हे मला फार खरे वाटते, कोळीच मोजणार. आधी न्याहारी होते. मग येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? आणि तीनदा कळप त्याच्या हवाली करतो. तू नाही म्हणालास, याचा उल्लेखही करीत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटते, एवढेच लिहिले आहे.

सर्फिंग मिशनच्या नेत्यांना त्यांच्या शिबिरात हा अध्याय शिकवितात की नाही ते पाहिले पाहिजे. किनारा, विस्तव, रात्रभर पाण्यात भिजून आलेली माणसे, सगळे त्यांच्याच ओळखीचे आहे. नेतृत्वाची आमच्या पुस्तकातील लक्षणे म्हणजे वक्तृत्व, धडाडी, निर्णयशक्ती, संघटनकौशल्य. त्यांत या प्रसंगात बसणारे एकही नाही. पेत्र धडाडीचाच होता, म्हणून तर तो सर्वांआधी बोलला आणि सर्वांआधी फिरला. टिळकांकडे वक्तृत्व होते, परंतु मला ते मोठे वाटतात ते पगार सोडल्यामुळे. लक्ष्मीबाईंनी आपली फजिती लपविली नाही. ‘स्मृतिचित्रे’त जागोजाग त्या स्वतःलाच हसल्या आहेत. आणि मी? मला बौद्धिक ऐकावयाचे होते हे खोटे नव्हते. आमच्या घरी व्याख्यान ऐकलेले कुणी नाही. पण त्यासाठी मी जिला चुलीजवळ बसविले तिच्याही घरी कुणी ऐकलेले नव्हते. हे मला तेव्हा सुचले नाही. तिचे वडील नाक्यावर गवंडीकामासाठी उभे राहतात, हे मला शिबिराच्या शेवटच्या दिवशी कळले.

या वर्षीच्या शिबिराची यादी लागली आहे. तीत तिचे नाव तुकडीप्रमुखांत आहे आणि माझे तिच्या तुकडीत. हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी तिला कँटीनमध्ये बसवून पूर्ण वाचून दाखविला, कारण तिच्या परवानगीवाचून तो छापला जाणे बरे नव्हते. हवाई, टिळक, कान्हेरी सगळे तिने शांतपणे ऐकले. भाताचा भाग आला तेव्हा ती चहाच्या पेल्याकडे पाहू लागली. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “छाप. पण निम्मा नव्हता गं. चार बोटं करपला होता.”